पान लावणाऱ्याचं नाव

दिवाळी अंकांचे परिचय वर्तमानपत्रांतून येऊ लागले की त्यांचा साचा ठरलेला असतो. कथा कोणाच्या, कविता कोणाच्या, परिसंवाद कशावर, व्यंगचित्रं कोणाची. आणि शेवटच्या ओळीत 'मुखपृष्ठ आकर्षक, मांडणी देखणी'. ती देखणी कशामुळे झाली, कोणी केली, तिच्यामुळे मजकुराला काय मिळालं, याबद्दल चकार शब्द नसतो. नियतकालिकांवर मराठीत लिहिलं गेलं नाही असं नाही. रा. के. लेले यांनी मराठी वृत्तपत्रांचा इतिहास लिहून ठेवला, लघुनियतकालिकांच्या चळवळीवर प्रबंध झाले, 'सत्यकथे'वरचे वाद तर अजून मिटलेले नाहीत. पण हे सगळं लेखन मजकुराबद्दल आहे. अंक हातात धरला जातो, चाळला जातो, मधूनच उघडला जातो, आणि हे कसं व्हावं याचा कोणीतरी आधी विचार केलेला असतो, ही बाजू जवळजवळ कोरीच राहिली.

मी इथे तिच्याकडे पाहतो आहे, आणि तेही मुख्यतः स्वतंत्र नियतकालिकांपुरतं. म्हणजे ज्यांच्यामागे मोठं वृत्तपत्र नाही, जाहिरातींचा भक्कम आधार नाही, आणि जिथे संपादक, प्रकाशक व पत्त्यांच्या पट्ट्या चिकटवणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. अशा ठिकाणी मांडणी ही संपादनाचीच कृती असते. पैसा जितका कमी तितकी ती जास्त उघडी दिसते, कारण प्रत्येक निवडीची किंमत मोजावी लागते.

सुरुवात 'दर्पण'पासूनच करावी लागते. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी ते पत्र काढलं तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला. मराठी आवृत्ती वेगळी आणि इंग्रजी वेगळी अशी सोय त्यांना करता आली असती. पण राज्यकर्ता आणि रयत यांनी एकाच पानावर एकमेकांसमोर यावं, हा त्या पत्राचा हेतू, आणि तो अग्रलेख वाचण्याआधी पान पाहूनच कळतो. मराठी पत्रकारितेचा आरंभच मांडणीतल्या एका निर्णयाने झाला, हे आपण ६ जानेवारीला पत्रकारदिनी होणाऱ्या भाषणांत क्वचितच ऐकतो.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं भरभर ओलांडतो. १८९५ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांचं 'मनोरंजन' आलं, १९०९ मध्ये त्याच मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, १९१० मध्ये पुण्याच्या चित्रशाळेतून 'चित्रमयजगत' निघू लागलं आणि चित्र हे मासिकाचं अंग बनलं. खरा मुक्काम करायला हवा तो किर्लोस्करवाडीत. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याच्या बातम्यांसाठी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. मागे कारखाना होता, तेव्हा काटेकोर अर्थाने ती स्वतंत्र नव्हे. पण शंकरराव चित्रकलेचं शिक्षण घेतलेले होते आणि हातात ब्रश धरणारा माणूस संपादकाच्या खुर्चीत बसला तर काय होतं, याचं मराठीतलं ते पहिलं ठळक उदाहरण. 'खबरी'चंच पुढचं रूप असलेलं 'किर्लोस्कर', १९३० पासून 'स्त्री' आणि १९३४ पासून 'मनोहर' ही तिन्ही मासिकं दुरून ओळखू यायची. या मासिकांनी इ-उच्या जागी 'अि', 'अु' अशी सुधारलेली स्वराक्षरंही छापली. लिपिसुधारणेबद्दलचं मत लेखात मांडून न थांबता त्यांनी ते दर ओळीत वाचकाच्या डोळ्यांखालून घातलं. आज ती पानं चाळताना आपली नजर अडखळते, आणि त्या काळच्या वाचकाच्या अंगवळणी एक नवा आग्रह कसा पाडला जात होता ते कळतं.

याच्या उलट टोकाला र. धों. कर्वे. विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी संततिनियमनाच्या प्रचारामुळे गेली, तरी जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून चालवलं. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे. ते खप वाढवण्यासाठी होतं असं म्हणणाऱ्याने त्या मासिकाचा जमाखर्च पाहावा. कर्व्यांचं म्हणणं, शरीराची लाज बाळगणं हेच अनारोग्याचं मूळ. मग आतल्या लेखात ते विवेचन करायचं आणि बाहेर पानाफुलांची नक्षी काढायची, हा दुटप्पीपणा त्यांना मानवला नसता. मुखपृष्ठ हा त्यांचा पहिला लेख होता. त्यांच्यावर खटले झाले; १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. आत वाचकांचे प्रश्न आणि त्यांना दिलेली त्रोटक, कोरडी, नेमकी उत्तरं असत. 'शारदेची पत्रं' हे सदर असे, तेही कर्व्यांच्याच हातचं. मराठीत आतलं आणि बाहेरचं इतकं एकजीव असलेलं दुसरं मासिक मला आठवत नाही. म्हणूनच त्याचा इतिहास केवळ विचारांचा इतिहास म्हणून सांगितला की तो अर्धा राहतो.

इथे छापखान्यात डोकावून यायला हवं, कारण मांडणीची बरीचशी उत्तरं संपादकाच्या टेबलाआधी तिथे ठरत. खिळे जुळवण्याच्या काळात इंग्रजीला जेवढे खिळे लागत त्याच्या कितीतरी पट देवनागरीला लागत. जोडाक्षरं वेगळी, वरच्या मात्रा-वेलांट्या वेगळ्या, खालचे उकार वेगळे. कंपोझिटर उभ्याने काम करी आणि हात न पाहता योग्य खणात जाई. हा पसारा कमी व्हावा म्हणून खुद्द टिळकांनी खिळ्यांच्या संख्येवर बरीच डोकेफोड केली. शीर्षकासाठी मोठा टाइप हवा तर छापखान्यात जो असेल तोच घ्यायचा; नसेल तर चित्रकाराकडून अक्षरं काढून घेऊन त्याचा ब्लॉक करायचा. ब्लॉकचे पैसे आकारावर. त्यातही छायाचित्राला हाफटोन ब्लॉक आणि गुळगुळीत आर्ट पेपर लागे, रेघांच्या चित्राला साधा लाइन ब्लॉक पुरे आणि तो खरबरीत कागदावरही स्वच्छ उठे. मराठी मासिकांत रेखाचित्राची इतकी समृद्ध परंपरा झाली त्याचं एक कारण या हिशेबात आहे, असं माझं मत आहे. दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर, वसंत सरवटे ही माणसं प्रतिभावान होतीच. पण त्यांच्या रेषेला रोजची मागणी होती ती जस्ताच्या स्वस्त पत्र्यामुळे. शिवाय अंक फर्म्यात छापायचा, म्हणजे पानं आठाच्या किंवा सोळाच्या पटीत. कथा अकराव्या पानाच्या मध्यात संपली तर उरलेल्या जागेत छोटी कविता, उतारा, चौकट. कित्येक नव्या कवींची पहिली कविता अशा उरलेल्या जागेने छापली असेल.

खटाववाडीतल्या मौज छापखान्याने या सगळ्या मर्यादांतून एक शिस्त घडवली. तिथून निघणाऱ्या, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या 'सत्यकथा' मासिकाचं पान शांत असे. समास सोडलेला, मुद्रितं काटेकोर तपासलेली. त्या पानात अधिकार होता. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला तेव्हा जळला तो हा अधिकारही. म्हणून लघुनियतकालिकांच्या त्या बंडाकडे पाहताना फक्त कवितांतली भाषा पाहून चालत नाही, पानाकडेही पाहावं लागतं.

बंडाचं पान सुरुवातीला सायक्लोस्टाइलचं होतं. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी १९५४ मध्ये 'शब्द' काढलं ते असंच. मेणकापडासारखा स्टेन्सिलचा कागद घ्यायचा, टंकलेखन यंत्राची फीत काढून त्यावर अक्षरं ठोकायची किंवा टोकदार लेखणीने कोरायची, चूक झाली तर लाल रोगण लावून पुन्हा ठोकायचं, मग ते यंत्राच्या रुळावर चढवून दांडा फिरवायचा. शाई कुठे दाट, कुठे फिकी. यंत्रावर ठोकलेल्या स्टेन्सिलला अक्षराचं एकच माप असतं. त्यामुळे नामवंताचं नाव मोठं आणि नवख्याचं बारीक, ही सोयच राहत नाही. ज्या चळवळीला वाङ्मयीन उतरंड मोडायची होती तिच्या हाती असं साधन आलं की ज्यात उतरंड छापताच येत नव्हती. अशोक शहाणे यांचा १९६३ मधला 'असो', मग 'येरू', 'फक्त', 'भारूड', औरंगाबादहून भालचंद्र नेमाडे यांचं 'वाचा' ही सगळी नियतकालिकं साधनांत एकसारखी नव्हती. पण पान कसं दिसावं हे आपण ठरवायचं, रूढ साहित्यिक मासिकाने नव्हे, हे त्यांच्यात समान होतं. याच सुमारास अलाहाबादला अरविंद कृष्ण मेहरोत्रा आपलं सायक्लोस्टाइल मासिक काढत होते आणि बडोद्याला गुलाम मोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर 'वृश्चिक' काढत होते. ही मंडळी एकमेकांना ओळखून होती.

कोलटकर पोटासाठी जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक होते, त्या व्यवसायात नावाजलेले होते. हे त्यांच्या कवितेबद्दल बोलताना तळटीपेत जातं. शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाची त्यांची पुस्तकं हातात घेतली की ते तळटीपेत ठेवणं चूक आहे हे लक्षात येतं. ओळ कुठे तोडायची आणि पान कुठे कोरं सोडायचं, हे त्या माणसाला एकच काम वाटत असणार.

१९६७ मध्ये गंगाधर पानतावणे यांनी सुरू केलेलं आणि पुढे 'अस्मितादर्श' म्हणून रुजलेलं नियतकालिक या चळवळीच्या शेजारचं, पण वेगळ्या स्वभावाचं. तिथे प्रयोगापेक्षा सातत्याला मोल होतं. ज्या लेखकांना कुठेच जागा नव्हती त्यांना अर्धशतक जागा द्यायची म्हणजे पान भरगच्च, टाइप बारीक. समास सोडणं ही चैन आहे, हे त्या पानांवरून समजतं. मांडणीची समीक्षा करणाऱ्याने कोऱ्या जागेला सरसकट गुण देऊ नयेत.

पुण्याची कामगिरी मोठी आहे. श्री. ग. माजगावकरांच्या 'माणूस'ने १९६१ पासून पंचवीस वर्षं दीर्घ वार्तालेखाला पानं दिली. अनिल अवचटांचं 'पूर्णिया', अरुण साधूंची चीनवरची लेखमाला तिथली. साप्ताहिकाच्या आकारात इतका लांब मजकूर वाचकाने न थकता वाचावा यासाठी उपशीर्षकं, तुकडे, चौकटी यांचं जे भान लागतं ते 'माणूस'ने कमावलं. पुढे 'पालकनीती' १९८७ मध्ये, विद्या बाळ यांचं 'मिळून साऱ्याजणी' १९८९ मध्ये आलं. ही मासिकं दिसायला साधी आहेत आणि त्यांनी तसंच राहावं. मुंबईत सतीश नाईक यांच्या 'चिन्ह'ने दुसरी वाट धरली. चित्रकलेवर लिहायचं तर चित्र नीट छापलं पाहिजे, या एका अटीपायी त्यांनी खर्चाची पर्वा केली नाही. पुण्यात कवी-चित्रकार मंगेश नारायणराव काळे यांच्या 'खेळ'मध्ये चित्र आणि कविता एकाच हातून एकत्र येतात, तेही असंच मुद्दाम पाहण्याजोगं.

'आवाज'ला स्वतंत्र परिच्छेद द्यायलाच हवा. १९५१ मध्ये सुरू केलेल्या या दिवाळी अंकात मधुकर पाटकरांनी खिडकीचित्रं आणली. पानाला कापलेली खिडकी, तिच्यातून दिसणारा चित्राचा तुकडा, मनात उभा राहणारा चावट अंदाज, आणि पान उलटल्यावर तो साफ चुकीचा ठरवणारं निरागस चित्र. प्रौढ समीक्षेने त्याला चिल्लर मानलं. मला तो मराठीतला पानाचा सर्वांत नेमका वापर वाटतो. विनोद चित्रात नाही, पान उलटण्याच्या क्रियेत आहे. कागद कापायचा, तो मागच्या चित्रावर अचूक बसवायचा, हजारो प्रतींत कुठेही सरकू द्यायचा नाही, हे काम बांधणीवाल्याचं, आणि त्याचं नाव कुठेही नाही.

मग संगणक आला. 'श्रीलिपी', पेजमेकर, गल्लोगल्ली डीटीपीची दुकानं. छोट्या संपादकाला पहिल्यांदाच शंभर टाइप हाताशी मिळाले आणि छापखान्यातला तो जुना, हाताला वळण असलेला माणूस घरी बसला. अमेरिकेत १९८४ मध्ये सुरू झालेल्या रूडी व्हॅन्डरलान्स यांच्या 'एमिग्रे' मासिकासाठी झुझाना लिको यांनी संगणकाच्या ओबडधोबड पडद्याला साजेशी नवी अक्षरंच घडवली. आपल्याकडे ते धाडस झालं नाही; दुकानात असलेलं अक्षर आपण घेतलं. त्याची खूण आजही पानोपानी दिसते. मराठीचा 'ल' पाकळीचा, 'श' देठाचा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने तेच रूप प्रमाण ठरवलं. तरी पुष्कळ मराठी नियतकालिकं हिंदी वळणाच्या 'ल'मध्ये निघतात, कारण संगणकात आपसूक येणारा टाइप तसा आहे. जुन्या फाइली युनिकोडमध्ये उतरवताना 'दुसऱ्या'तला 'ऱ्य' मोडतो आणि 'दुसर्या' छापलं जातं. शुद्धलेखनावर पोटतिडकीने लिहिणाऱ्या मासिकात मी हे पाहिलं आहे. आता सबब उरलेली नाही. 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटाची 'मुक्ता', 'बलू', 'टिरो'चा खास मराठीसाठीचा टाइप, हे सगळं फुकट मिळतं. र. कृ. जोशी यांच्यासारखा कवी-अक्षरकार आणि कमल शेडगे यांच्यासारखा अक्षरांचा जादूगार ज्या भाषेत होऊन गेले, तिच्या मासिकांनी अक्षर न निवडता अंक काढावा, हे मला पटत नाही.

मी हे मुळशी तालुक्यातून लिहितो आहे, आणि इथे राहिलं की मांडणीत कागदही धरावा लागतो. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला जातो. जुलैत आलेला आर्ट पेपरचा अंक ओलसर हवेत पडून राहिला की पानं एकमेकांना चिकटतात. ती सोडवायला गेलं की छायाचित्राचा पापुद्रा समोरच्या पानावर जातो. वर्तमानपत्री कागदाला बुरशी धरते. साधा मॅपलिथो टिकतो. शहरातल्या वातानुकूलित खोलीत ठरवलेला कागद पौडच्या पुढच्या वाचनालयात कसा राहील, हा संपादकीय प्रश्न आहे. टपालाचा तसाच. नोंदणीकृत नियतकालिकाला कित्येक वर्षं पन्नास ग्रॅमपर्यंत २५ पैसे आणि शंभरपर्यंत ५० पैसे असा दर होता. क्राऊन पाव आकाराचा ४८ पानांचा अंक मॅपलिथोवर ऐंशीएक ग्रॅम भरतो, मुखपृष्ठ जाड घेतलं की शंभरीला टेकतो. कित्येक मासिकं अठ्ठेचाळीस पानांवर थांबली त्यात या हिशेबाचाही वाटा असावा. १८ डिसेंबर २०२४ पासून टपालखात्याने नोंदणीकृत बुक पोस्टही बंद केलं. जाडजूड विशेषांक खेड्यात पाठवणं तेव्हापासून आणखी महाग झालं.

याच तालुक्यात १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' म्हणत मावळे उभे राहिले, विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट त्यांच्यासोबत होते, पुण्याहून 'केसरी'ने ही बाजू मांडली. वीज मुंबईला गेली, गावं पाण्याखाली गेली. आज त्याच तालुक्यात एका अंगाला हिंजवडीच्या काचेच्या इमारती आहेत आणि लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठं. शताब्दी होऊन गेली, पण मुळशीवरचा जसा अंक मला हातात घ्यायचा आहे तसा अजून मिळालेला नाही. तो काढायचा तर पहिला प्रश्न नकाशाचा येईल. बुडालेल्या गावांची नावं वाचता यावीत एवढा तो मोठा हवा, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर; आणि मग शिलाईच्या घडीत एखादं गाव पुन्हा बुडणार नाही, हे पाहावं लागेल. तुरुंगात गेलेल्यांची यादी मजकुरापेक्षा बारीक टाइपात टाकायची का? जमिनीच्या जुन्या कागदाचं छायाचित्र सजावट म्हणून फिकं करून मागे ठेवायचं, की वाचता येईल असं छापायचं? यातल्या प्रत्येक उत्तरात इतिहासाबद्दलचं एक मत दडलेलं आहे. ज्याने ते दिलं त्याला मी सहसंपादक म्हणेन.

त्याचं नाव मात्र शोधून सापडत नाही. १८६७ च्या कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्तीने मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं छापणं बंधनकारक केलं. १ मार्च २०२४ पासून नवा कायदा आला, तरी पान लावणाऱ्याचं नाव छापा असं कोणी म्हटलेलं नाही. श्रेयनामावलीत मुखपृष्ठकाराचा उल्लेख असतो, अक्षरजुळणीच्या दुकानाचा असतो. मांडणी कोणाची, हे लिहायला अर्धी ओळ लागते. लंडनमध्ये जेरेमी लेस्ली यांनी केवळ स्वतंत्र मासिकांसाठी दुकान काढलं आहे, तिथे मासिकाच्या कलादिग्दर्शकाची चर्चा संपादकाइतकीच होते. मुंबईत 'बॉम्बे अंडरग्राउंड'ची मंडळी हाताने केलेल्या छोट्या अंकांचा मेळा भरवतात. मराठी वाचनालयं आणि साहित्यसंस्था त्या मेळ्याकडे अजून फिरकलेल्या दिसत नाहीत.

आणि जे झालं ते तरी शाबूत आहे का? आपल्या ग्रंथालयांत वर्षाचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची जुनी रीत आहे. बांधणी आटोपशीर होते म्हणून. अभ्यासकाला पन्नास वर्षांचा मजकूर मिळतो आणि एकही मुखपृष्ठ मिळत नाही. बालभारतीने 'किशोर'चे जुने अंक मुखपृष्ठासकट संगणकावर पाहायला ठेवले आहेत, 'समाजस्वास्थ्य'चे अंकही आता वाचता येतात. साठच्या दशकातली लघुनियतकालिकं मात्र अजून बहुतेक घरोघरच्या कपाटांत आहेत, त्या कागदाचे तुकडे पडू लागले आहेत, आणि ती जपणारी माणसं ऐंशीच्या पुढची आहेत. ज्या संस्थांकडे स्कॅनर आहे त्यांनी हे अंक मुखपृष्ठापासून मलपृष्ठावरच्या मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीपर्यंत, जाहिराती आणि कोऱ्या पानांसकट, मूळ मापात टिपून ठेवावेत. आणि जे अजून हयात आहेत त्यांना विचारून, कोणतं पान कोणी लावलं तेही त्याच्यासोबत नोंदवून ठेवावं.